बाई असली तरी, आणि मुलगा असला तरी

पत्र: "ताई, आम्ही कोल्हापुरात पेठेत राहतो. माझा मुलगा नववीत आहे, चौदा पूर्ण. दोन वर्षं तो पलीकडच्या गल्लीतल्या एका मॅडमकडे गणित आणि सायन्सच्या क्लासला जातो. मॅडमचा आमच्याशी घरोबा, हळदीकुंकवाला येणं-जाणं. दिवाळीनंतर तो क्लासला टाळाटाळ करू लागला, तालमीच्या फुटबॉलचा सरावही सोडला. शेवटी माझ्या भावाजवळ बोलला. बाकीची मुलं गेल्यावर मॅडम त्याला थांबवून घेतात, नको तसा हात लावतात, रात्री नको ते मेसेज करतात आणि 'कुणाला सांगितलंस तर तुझंच नाव खराब होईल' असं बजावतात. ह्यांना सांगितलं तर हसले. 'पोरगं हाय ते, त्याला काय हुतंय? बाईमाणसावर केस घालून गावात हसं करून घ्यायचं काय?' म्हणाले. सासूबाई म्हणतात, चार माणसं बसवून मिटवूया, क्लास बदलूया. आता माझा वीस वर्षांचा पुतण्याही सांगतोय की अकरावीत असताना त्याच्या बाबतीत तिथे असंच झालं होतं. कायदे बायकांसाठी असतात असंच आम्ही ऐकलंय. मुलग्यासाठी, तेही बाईच्या विरोधात, काही आहे का? – एक आई"

ताई,

आहे. कायदा आहे, तो तुमच्या मुलासाठीच आहे, आणि समोर बाई आहे म्हणून तो मागे सरत नाही. हे आधी सांगते, कारण पत्र लिहिताना तुमच्या मनात भीती हीच असणार की पोलीस ठाण्यात गेलो आणि त्यांनीही हसून परत पाठवलं तर.

लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम, २०१२, म्हणजे ज्याला सगळे पोक्सो म्हणतात, तो १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू आहे. त्यात बालक म्हणजे १८ वर्षांखालची कुठलीही व्यक्ती. मुलगी असं कुठेही म्हटलेलं नाही. आणि गुन्हा करणाऱ्याबद्दलही कायदा 'जो कोणी' एवढंच म्हणतो. त्याआधी परिस्थिती फार वाईट होती. मुलग्यावर अत्याचार झाला तर पोलिसांच्या हातात जुन्या दंडसंहितेचं ३७७ वं, 'अनैसर्गिक संभोगा'चं कलम होतं, ते सगळ्या प्रकारांना लागू पडत नसे, आणि करणारी बाई असेल तर जवळजवळ काहीच हाताशी नसे. पोक्सो आला तो ही उणीव भरून काढत.

तुम्ही लिहिलेल्या गोष्टी या कायद्यात कुठे बसतात ते सांगते. वाईट हेतूने अंगाला हात लावणं हे कलम ७. कपड्यांवरून लावला म्हणून सुटका नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने जानेवारी २०२१ मध्ये तसा अर्थ लावला होता, पण सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२१ मध्ये तो रद्द केला आणि हेतू महत्त्वाचा, कातडीला कातडी लागली की नाही हे नव्हे, असं स्पष्ट केलं. इथे हात लावणारी व्यक्ती शिकवणारी आहे, मुलगा तिच्या विश्वासावर सोपवलेला आहे, आणि प्रकार एकदा नव्हे, वारंवार झालाय. या दोन्ही कारणांनी गुन्हा साध्या कलमातून उचलला जाऊन गंभीर स्वरूपाच्या कलम ९ मध्ये जातो. त्याची शिक्षा किमान पाच वर्षं, जास्तीत जास्त सात वर्षं आणि दंड. रात्रीचे मेसेज हा वेगळा गुन्हा, लैंगिक छळाचा, त्याला तीन वर्षांपर्यंत शिक्षा.

याहून गंभीर प्रकारासाठी कलम ३ आहे. त्याच्या इंग्रजी मसुद्यात सर्वनाम पुल्लिंगी असल्यामुळे ते बाईला लागूच होत नाही, असा युक्तिवाद वकील करत आले आहेत. ऑगस्ट २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने तो फेटाळला. कायदा मुलांना वाचवण्यासाठी केलाय, त्या सर्वनामाचा अर्थ केवळ पुरुष असा लावता येणार नाही, असं न्यायालयाने म्हटलं. तुम्ही लिहिलंय त्यावरून तुमच्या मुलाचं प्रकरण कलम ७ आणि ९ चं दिसतं, आणि तिथे तर 'जो कोणी' असाच शब्द असल्यामुळे हा वादच उद्भवत नाही. मात्र मुलाने मामाला सगळंच सांगितलं असेल असं धरून चालू नका. तपासात आणखी काही पुढे आलं तर कलमं वाढतील. ते पोलिसांचं काम.

आता यजमानांचं हसणं. मला या सगळ्या पत्रात सगळ्यात जास्त तेच बोचलं. त्यांच्यावर रागवायला मी हे लिहीत नाही. त्यांना वाटतं तसं आपल्याकडच्या पुष्कळ पुरुषांना वाटतं, त्यांनाही लहानपणापासून तेच ऐकवलं गेलंय. तालमीच्या कट्ट्यावर असा विषय निघाला तर काय होतं? कुणीतरी डोळा मारतो, कुणीतरी 'नशीबवान हायस की लेका' म्हणतो, आणि ज्याच्यावर गुदरलंय तो पोरगाही तोंडदेखलं हसतो. त्यानंतर तो आयुष्यात पुन्हा कुणाजवळ ब्र काढत नाही. मॅडमनी त्याला जी धमकी दिली, तुझंच नाव खराब होईल, ती वडिलांच्या हसण्यानं खरी ठरली. हे त्यांना शांतपणे सांगा. हेच मुलीच्या बाबतीत एखाद्या सरांनी केलं असतं तर ते हसले असते का, एवढंच विचारा. संध्याकाळच्या आत क्लासच्या दारात गेले असते. मग त्याच वयाच्या, त्याच घरातल्या पोरासाठी पाय का उचलत नाहीत?

मुलग्यांना 'काही होत नाही' हे खरं नाही. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये १३ राज्यांतल्या बारा हजारांवर मुलांशी बोलून एक मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. लैंगिक अत्याचार झाल्याचं सांगणाऱ्या मुलांमध्ये ५२.९४ टक्के मुलगे होते. म्हणजे निम्म्याहून जास्त. तरीही कोर्टकचेरीत मुलग्यांची प्रकरणं फार कमी येतात, आणि ती घरातच अडतात हे मी वकिलीत पाहते. तुमचा मुलगा क्लास टाळतोय हे समजण्यासारखं आहे. पण तो फुटबॉल सोडतो? पेठेतला चौदा वर्षांचा पोरगा सरावाला जात नाही, यावरून त्याच्या आत काय चाललंय ते कळायला हवं. त्याला दोस्तांच्या नजरेची भीती वाटते आहे.

कुणीतरी असंही म्हणेल, 'त्याला पण आवडत असंल की.' वाक्य तिथेच तोडा. १८ वर्षांखालच्या मुलाच्या संमतीला हा कायदा संमती मानत नाही. तो ओरडला नाही, पळाला नाही, दुसऱ्या दिवशी पुन्हा क्लासला गेला, यातलं काहीही त्याच्या विरोधात जात नाही. जिला 'मॅडम' म्हणायचं, जिच्या हातात मार्क आहेत, जी आईच्या ओळखीची आहे, तिला तो काय सांगणार होता?

सासूबाईंचा मार्ग, चार माणसं बसवून मिटवण्याचा, हा मात्र खरोखर धोक्याचा आहे. एक तर हा गुन्हा आपापसात मिटवता येत नाही. राजस्थानात एका शिक्षकावर विद्यार्थिनीच्या विनयभंगाचा आरोप होता, मुलीच्या वडिलांनी तडजोड लिहून दिली, उच्च न्यायालयाने ती मान्य करून गुन्हा रद्द केला. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये तो निकाल फिरवला आणि खटला चालवायला सांगितलं. असा गुन्हा दोन घरांमधला खासगी मामला नसतो, समाजाविरुद्धचा असतो, ही त्यामागची भूमिका. दुसरं म्हणजे, तुमचा मुलगा क्लास सोडेल, पण त्याची जागा रिकामी राहणार नाही. तिथे दुसऱ्या कुणाचं तरी पोरगं बसेल. पुतण्यानं त्या वेळी तोंड उघडलं नाही, आणि त्याच खोलीत तुमचा मुलगा गेला. पुतण्याला यात दोष नाही, तो तेव्हा स्वतःच लहान होता. पण तुम्ही मोठी माणसं आहात, आता तुम्हाला माहीत आहे.

आणि माहीत असणं याला कायद्यात वजन आहे. कलम १९ सांगतं की असा गुन्हा घडल्याचं ज्याला कळलं त्याने पोलिसांना कळवलंच पाहिजे. तुम्ही, यजमान, तुमचे भाऊ, सासूबाई, सगळे त्यात आले. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. मुलाला स्वतःला मात्र न सांगितल्याबद्दल शिक्षा नाही. खऱ्या मनाने माहिती देणाऱ्यावर पुढे कारवाईही होत नाही. ही जबाबदारी माझ्यावरही येते. तुम्ही नाव, गल्ली, मॅडमचं नाव काहीच लिहिलं नाहीत म्हणून मी हे इथे फक्त लिहू शकते आहे. ती नावं तुमच्या पत्रात असती तर उत्तर लिहिण्याआधी मी पोलिसांकडे गेले असते.

पुतण्याबद्दल. तो आज वीसचा असला तरी घटना घडली तेव्हा त्याचं वय किती होतं, हेच कायदा बघतो. अकरावीत म्हणजे सोळा-सतरा. तेव्हा तो बालकच होता आणि पोक्सो त्यालाही लागू आहे. तक्रारीला उशीर झाला हे विचारलं जाईल, उलटतपासणीत त्यावर बोटही ठेवलं जाईल, पण अंगाला हात लावण्याचा गुन्हा तीन वर्षांहून जास्त शिक्षेचा असल्याने त्याला मुदतीची अट नाही. त्याची तयारी असेल तर त्याची साक्ष तुमच्या मुलाच्या पाठीशी भक्कम उभी राहील. तयारी नसेल तर त्याच्यावर जबरदस्ती करू नका.

त्याच्या निमित्ताने मनातलं एक लिहिते. हेच जर त्याला अठरा पूर्ण झाल्यावर घडलं असतं, तर त्याला सांगायला माझ्याकडे फारसं काही नसतं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत बलात्काराची व्याख्या पुरुषाने स्त्रीवर केलेला अशीच आहे, आणि जुनं ३७७ वं कलम नव्या संहितेत घेतलेलंच नाही. म्हणजे सज्ञान पुरुषावर, मग ते दुसऱ्या पुरुषाने का असेना, बळजबरी झाली तर त्याला स्वतंत्र कलम उरलेलं नाही. फेब्रुवारी २०१३ च्या वटहुकमात व्याख्या स्त्री-पुरुष असा भेद न करणारी केली होती. दोन महिन्यांत कायदा संमत झाला तेव्हा तो भेद परत आला. बायकांवरच्या अत्याचारांचं प्रमाण आणि समाजातलं त्यांचं स्थान पाहता त्यांच्यासाठी वेगळं संरक्षण हवंच, यात माझ्या मनात शंका नाही. पण अत्याचार झालेल्या पुरुषाला दारच नसावं, हे मला पटत नाही. अठराव्या वाढदिवसाला कुणाचं दुखणं कमी होत नाही.

पोक्सोतही सगळं जमून आलेलं नाही. कायदा मुलगा-मुलगी भेद करत नाही, पण त्यातली काळजी आखली गेली ती मुलगी डोळ्यांपुढे ठेवून. मुलीची वैद्यकीय तपासणी बाई डॉक्टरनेच करायची असं कलम २७ सांगतं, मुलग्याबद्दल काही म्हणत नाही. जबाब शक्यतो महिला उपनिरीक्षकाने घ्यावा असं कलम २४ सांगतं. ज्या पोराला बाईनेच त्रास दिलाय त्याला बाई अधिकाऱ्यासमोर बोलणं जड जाऊ शकतं. शब्द 'शक्यतो' असा आहे, म्हणून तुम्ही स्पष्ट मागा की त्याला पुरुष अधिकारी चालेल की महिला हे त्यालाच विचारा. त्याच्या मनाप्रमाणे व्हावं, असा नियमच असायला हवा.

आता काय करायचं. मुलाला पुन्हा पुन्हा खोदून विचारू नका, मामाला सांगितलं तेवढं पुरे. त्याला एवढंच म्हणा, 'तुझी काही चूक नाही, तू सांगितलंस हे बरं केलंस, पुढचं आम्ही बघतो.' हे वाक्य वडिलांच्या तोंडून आलं तर सोन्याहून पिवळं. क्लास आजपासून बंद. मॅडमकडे जाब विचारायला जाऊ नका, भावालाही जाऊ देऊ नका. तिथे आरडाओरडा झाला की त्यांना सावध व्हायला वेळ मिळतो आणि उलट तुमच्यावरच मारहाणीची तक्रार होते. त्यांचंही म्हणणं ऐकलं जाईल, ते कोर्टात, गल्लीत नव्हे. मुलाचा मोबाइल आहे तसा जपून ठेवा. मेसेज पुसू नका, फोन रीसेट करू नका, आणि स्क्रीनशॉट नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकू नका. गाव एवढंसं आहे, एका ग्रुपवरून दुसऱ्यावर जायला रात्र पुरत नाही.

मग तुमच्या हद्दीच्या पोलीस ठाण्यात जा, किंवा विशेष बाल पोलीस पथकाकडे. मुलाला ठाण्यात न्यावंच लागेल असं नाही. जबाब घरी किंवा त्याला बरं वाटेल तिथे घेता येतो, अधिकाऱ्याने गणवेश घालायचा नसतो, आणि त्याचा विश्वास असलेलं माणूस जवळ बसू शकतं. मामाला बसवा. हद्द आमची नाही असं कुणी म्हणालं तर गुन्हा शून्य क्रमांकाने नोंदवून पुढे पाठवणं त्यांच्यावर बंधनकारक आहे. नोंदवून घेतलाच नाही तर पोलीस अधीक्षकांना लेखी द्या. १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन चोवीस तास असते, घरात बोलायची सोय नसेल तर तिथे फोन करा. पोलिसांनी २४ तासांच्या आत बालकल्याण समितीला कळवायचं असतं. समिती मुलासाठी सहाय्यक व्यक्ती नेमू शकते, जी तपासापासून खटला संपेपर्यंत सोबत राहते. ती मागून घ्या. डॉक्टरांची किंवा समुपदेशनाची गरज वाटली तर कोल्हापुरातलं सीपीआर हे सरकारी रुग्णालय आहेच, आणि खासगी दवाखान्यालाही अशा मुलावर प्राथमिक उपचार मोफत आणि लगेच करावे लागतात.

नाव बाहेर येण्याची भीती तुम्ही लिहिली नाहीत, पण ती ओळीओळीत दिसते. कलम २३ प्रमाणे वर्तमानपत्राला, चॅनेलला, कुणालाही मुलाचं नाव, फोटो, शाळा, पत्ता किंवा ओळख पटेल असं काही छापता येत नाही. खटला बंद खोलीत चालतो. साक्षीच्या वेळी मॅडम त्याच्या नजरेसमोर येणार नाहीत अशी व्यवस्था कोर्टाने करायची असते, आणि त्यांच्या वकिलाला मुलाला थेट प्रश्न विचारता येत नाहीत, ते न्यायाधीशांमार्फत विचारले जातात. पेठेत कुजबुज होणारच नाही असं मी म्हणणार नाही. होईल. पण कुजबुज आजही होतेच आहे, फक्त ती तुमच्या घरात आहे आणि तिचं ओझं एकटा पोरगा वाहतोय.

खटला किती चालेल? कायदा म्हणतो, शक्यतो एका वर्षात निकाल लागावा. प्रत्यक्षात जास्त लागू शकतो, त्याची मनाची तयारी ठेवा. त्या काळात त्याचा अभ्यास, त्याचा खेळ सुरू राहील हे बघा. तालमीच्या प्रशिक्षकांना सगळं सांगायची गरज नाही, 'घरी जरा अडचण होती, आता तो परत येतोय' एवढं बास.

खर्चाची चिंता करू नका. मुलांना आणि बायकांना मोफत वकील मिळतो, त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. कसबा बावड्याच्या न्यायसंकुलात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे, तिथे अर्ज करा, आणि अत्याचार झालेल्या बायका-मुलांसाठी राज्य सरकारची जी मनोधैर्य योजना आहे तिच्याखाली तुमच्या मुलाला मदत बसते का हेही तिथेच विचारा. जाताना मुलाचा जन्मदाखला किंवा शाळेचा दाखला सोबत घ्या. पुतण्या येणार असेल तर त्याचाही घ्या, त्याच्या बाबतीत सगळं त्या वेळच्या वयावर अवलंबून आहे.